गाडीतला आवाज चांगला करायचाय? मग वॅट मोजण्याआधी हे वाचा

कार स्टिरिओच्या जवळपास प्रत्येक खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो, "५० वॅट × ४". काही खोक्यांवर तर सरळ "२००० वॅट" लिहिलेलं असतं. घरातला मिक्सर साधारण ५०० ते ७५० वॅटचा असतो. मग तीन-चार मिक्सर एकदम चालवण्याएवढी ताकद गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते की काय?

अजिबात नाही. स्टिरिओ बाहेर काढून मागे बघितलं, तर तिथे साधारण १० किंवा १५ अँपिअरचा छोटासा फ्यूज दिसतो. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. १५ गुणिले १४ म्हणजे २१० वॅट. जास्तीत जास्त एवढीच वीज आत जाऊ शकते आणि त्यातली बरीचशी उष्णतेत जाते. म्हणजे चारही स्पीकरना सलग ५०-५० वॅट देणं या यंत्राला शक्यच नाही!

गंमत अशी की गाडीतल्या आवाजावर पैसे खर्च करणारे बहुतेक लोक नेमका हाच आकडा बघून खरेदी करतात. आठवडाभर दणदणाट होतो, मग डोकं दुखायला लागतं, दारं खडखडायला लागतात आणि शेवटी लक्षात येतं, आवाज मोठा झाला, पण चांगला झालाच नाही.

तर मंडळी, गाडीतला आवाज मोठा करणं आणि चांगला करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम नेमकं कसं करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं, ते पाहूया.

पिंपरी-चाकणच्या गाड्या काय शिकवतात?

दापोडीत राहणाऱ्यांसाठी हा विषय तसा घरचाच. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, जिथे एसटीच्या गाड्या बांधल्या जातात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने थोडं पुढे गेलं की पिंपरीला टाटा मोटर्स. नाशिक फाट्यावरून वळून भोसरी, मोशीमार्गे गेलं की चाकण, म्हणजे महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. जेबीएल, इन्फिनिटी, हरमन कार्डन हे ब्रँड ज्या कंपनीचे आहेत, त्या हरमनचा गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बनवणारा कारखानाही चाकणलाच आहे. २०१७ मध्ये सॅमसंगने ही कंपनी सुमारे ८ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. एवढी मोठी रक्कम मोजण्याचं एक मुख्य कारण म्हणजे हरमनचा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधला व्यवसाय.

२०१९ च्या जानेवारीत आलेली टाटा हॅरियर पिंपरीत बनते. तिच्या वरच्या व्हेरियंटमध्ये जेबीएलचे ९ स्पीकर होते. त्यात ४ मोठे, ४ ट्विटर, १ सबवूफर आणि सोबत वेगळा अ‍ॅम्प्लिफायर. २०२१ ची महिंद्रा एक्सयूव्ही ७०० चाकणची. तिच्या वरच्या व्हेरियंटला सोनीचे १२ स्पीकर मिळाले.

पण खरी गोष्ट स्पीकरच्या संख्येत नाही. गाडी कंपन्यांमध्ये 'एनव्हीएच' नावाचा स्वतंत्र विभाग असतो. नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस, म्हणजे गोंगाट, थरथर आणि खडबडीतपणा. गाडी कुठे गुणगुणते, कुठला पत्रा थरथरतो हे मोजून कमी करणं हे त्यांचं काम. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेतही अशा चाचण्या होतात. चांगली कंपनी स्पीकर बसवल्यावर केबिनमध्ये मायक्रोफोन लावते आणि त्या गाडीच्या सीटा, काचा, छत यांच्यानुसार आवाज जुळवते.

म्हणजे चांगल्या आवाजात स्पीकरचा वाटा अर्धाच. उरलेला अर्धा गाडीचा! बाहेरून काम करून घेताना नेमकं हेच विसरलं जातं.

"५० वॅट" येतात तरी कुठून?

हा आकडा अगदीच खोटा नाही, फक्त तो कामाचा नाही. साधा स्टिरिओ स्पीकरला जास्तीत जास्त बॅटरीएवढाच, म्हणजे १४.४ व्होल्टच्या आसपास दाब देऊ शकतो. गाडीतला नेहमीचा स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे सुमारे ५२ वॅट. झाले की ५०!

पण ही ताकद मिळते कधी? आवाज पूर्ण फाटलेला असतो तेव्हा. स्वच्छ लहरीसाठी हे गणित बरोबर अर्धं होतं, २६ वॅट. यंत्रातली गळती धरली की हातात येतात २० वॅटच्या आसपास. ही न फाटता सलग मिळणारी ताकद म्हणजेच 'आरएमएस'. खोक्यावर बघायचा आकडा हाच. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' हे शब्द दिसले तर त्यापुढचा आकडा विसरून जायचा.

आणखी एक गोष्ट. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. उलट, ८८ डेसिबल 'सेन्सिटिव्हिटी'च्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबलचा घेतला, तर त्याच स्टिरिओवर दुप्पट वॅट केल्याइतका फरक पडतो. तोही एक पैसा अ‍ॅम्प्लिफायरवर न घालता.

पहिली पायरी: जी फुकट आहे

काहीही विकत घेण्याआधी गाणं येतं कुठून ते बघा.

अनेक गाड्यांमध्ये हजारो गाण्यांनी भरलेला एक पेन ड्राइव्ह असतो. १६ जीबीमध्ये ५००० गाणी, म्हणजे एका गाण्याला सव्वातीन एमबीसुद्धा येत नाहीत. पाच मिनिटांचं गाणं सीडीवर ५० एमबीच्या आसपास जागा घेतं. चांगल्या दर्जाच्या, म्हणजे ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ते १२ एमबीचं होतं. तीन एमबीत कोंबलेल्या गाण्यातून जे कापलं गेलं, ते जगातला कुठलाच स्पीकर परत आणू शकत नाही. झांजा, ताशा, तारांची वाद्यं यांचा आवाज अशा गाण्यांत कुजबुजल्यासारखा किंवा पाण्यातून आल्यासारखा लागतो. तक्रार मात्र स्पीकरची होते.

म्हणून आधी हे करा:

- गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ क्वालिटी 'हाय' किंवा त्याहून वरची ठेवा आणि डेटा सेव्हर बंद करा. रोज तीच गाणी ऐकत असाल तर घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा.
- शक्य असेल तिथे ब्लूटूथऐवजी यूएसबी केबलने फोन जोडा. ब्लूटूथवर गाणं पाठवताना ते पुन्हा एकदा आवळलं जातं.
- ब्लूटूथच वापरायचं असेल तर फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणाने करा.
- स्टिरिओमधलं 'बेस बूस्ट', 'लाउडनेस', 'रॉक', 'पॉप' सगळं बंद करून इक्वलायझर शून्यावर आणा. मग एखादी पट्टी कमी करून बघा. वाढवण्यापेक्षा कमी करणं जवळपास नेहमीच बरं ऐकू येतं.
- 'फेडर' दोन-तीन घरं पुढे सरकवा. गाणं समोरून आलं पाहिजे, पाठीमागून नाही.

कित्येकांचं समाधान इथेच होतं. ज्यांचं होत नाही, त्यांनी पुढे वाचा.

दुसरी पायरी: दार

घरातल्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीतल्या स्पीकरचं खोकं कुठलं? दार! आणि हे खोकं म्हणजे पातळ पत्रा, आत मोठाली भोकं, एक काच, कुलपाच्या सळया आणि लोंबकळणाऱ्या वायरी.

स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ही पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटली की जाड आवाज एकमेकांना मारून टाकतात. दाराच्या आतल्या भोकांमधून नेमकं हेच होतं. म्हणून स्पीकर महागाचा घेतला तरी "बेस कुठे गेला?" हा प्रश्न उरतोच. त्यात पत्रा स्वतः थरथरतो. जुन्या एसटीत खिडकीशेजारी बसून प्रवास केलेल्याला ती खडखड वेगळी सांगायला नको.

उपाय साधा आहे. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचं, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेलं डॅम्पिंग शीट चिकटवायचं. सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोठ्या मोकळ्या भागावर लावलं तरी थरथर बरीच कमी होते. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची आणि स्पीकर पत्र्याला घट्ट बसावा म्हणून मजबूत रिंग व कडेला फोमची पट्टी लावायची. झालं की दारावर बोटाने टकटक करून बघा. आधी डब्यासारखा वाजणारा पत्रा आता 'ठप्प' वाजेल.

इथे दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली, घराच्या छपराला गळती थांबवण्यासाठी वापरतात ते डांबराचं स्वस्त शीट दारात लावू देऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ते मऊ होऊन ओघळतं आणि वासही सुटतो. दुसरी, दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. पावसाळ्यात काचेवरून दारात उतरणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली तर दार आतून गंजायला लागतं. डोअर पॅडमागचं प्लॅस्टिकही काढलं असेल तर परत लावायचं किंवा त्या जागी दुसरा पाणी अडवणारा थर द्यायचा.

आणखी एक फायदा म्हणजे रस्त्याचा गोंगाटही थोडा कमी आत येतो. टायर, वारा आणि बाजूचे ट्रक यांच्या आवाजाखाली गाण्यातले बारीक आवाज दबून जातात. तो गोंगाट कमी झाला की व्हॉल्यूम न वाढवताही गाणं जास्त ऐकू येतं.

तिसरी पायरी: पुढचे दोन स्पीकर

चार स्वस्त स्पीकर घेण्यापेक्षा पुढचे दोन चांगले घ्या. गायक कायम समोर असतो, डिकीत नाही.

बहुतेक गाड्यांच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो. त्यात दोन प्रकार आहेत. 'कोअ‍ॅक्सियल'मध्ये मोठ्या पडद्याच्या मधोमध छोटा ट्विटर असतो. 'कंपोनंट'मध्ये ट्विटर वेगळा मिळतो आणि तो डॅशबोर्डच्या कोपऱ्यात किंवा आरशाजवळच्या तिकोन्यात बसवता येतो. बारीक आवाज सरळ रेषेत जातात. दारातला कोअ‍ॅक्सियल ते आवाज तुमच्या गुडघ्यांना ऐकवतो, वर लावलेला ट्विटर कानांना.

वायर जोडताना अधिक-उणे उलटं झालं, तर दोन्ही बाजूंचे पडदे विरुद्ध दिशेने हलतात आणि जाड आवाज गायब होतो. ही चूक सर्रास होते, पण ओळखायला सोपी आहे. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर बेस वाढल्यासारखा वाटला आणि मध्ये आणल्यावर कमी झाला, तर एक वायर उलटी आहे असं समजा. फिटर दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावूनही बघू शकतो. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे.

चौथी पायरी: अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याची वायर

आवाज वाढवल्यावर फाटत असेल तरच अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करा. स्टिरिओच्या २० वॅटऐवजी दर स्पीकरला ५०-६० वॅट आरएमएस मिळाले, की ढोलकीच्या थापेसारखे अचानक येणारे जोरकस आवाज न फाटता बाहेर पडतात. खरा फायदा तो.

सगळ्यात जास्त काळजी मात्र इथेच घ्यायची. चार स्पीकरना ६० वॅटप्रमाणे २४० वॅट धरले आणि अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के असली, तर बॅटरीतून ३०० वॅट, म्हणजे सुमारे २२ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह बारीक वायरीतून गेला तर ती तापते. वर ती बॅटरीपासून निघून पत्र्याच्या भोकातून केबिनमध्ये येते. पत्र्याच्या कडेने तिचं आवरण कापलं गेलं, तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या हव्यात. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, अ‍ॅम्प्लिफायरजवळ नाही, कारण फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. पत्र्यातून जाताना वायरीभोवती रबरी ग्रोमेट हवा. आणि वायर शुद्ध तांब्याची हवी. बाजारात 'सीसीए' नावाने मिळणारी वायर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती दिसायला जाड असली तरी तांब्यापेक्षा कमी प्रवाह वाहते. टोक खरवडून आत पांढरं दिसलं, तर ते तांबं नव्हे.

सबवूफर हवाच का?

दारातला स्पीकर कितीही चांगला असला तरी अगदी खालचे सूर त्याला झेपत नाहीत. स्टिरिओत 'एचपीएफ' नावाची सोय असेल तर ती ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचे आवाज दारांकडे जाणार नाहीत, दारं मोकळी होतील आणि गाणं साफ होईल. त्याखालचं काम सबवूफरचं.

या पट्ट्यात सीएनजी गाड्या भरपूर आहेत आणि सिलिंडरने डिकी भरलेली असते. तिथे मोठं खोकं बसवायचा हट्ट करण्यापेक्षा सीटखाली बसणारा, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला छोटा सबवूफर पुरतो. सिलिंडरच्या नळीजवळून मात्र कुठलीही वायर नेऊ देऊ नका.

आणि सबवूफर चांगला लागला आहे हे कसं ओळखायचं? तो वाजतोय हे कळत नाही, पण बंद केला की गाणं पोकळ वाटतं, तेव्हा.

डेक बदलायचा का?

जुन्या गाड्यांमध्ये हे सोपं होतं. स्टिरिओची जागा ठरलेल्या मापाची असायची, १८० बाय ५० मिलिमीटर किंवा दुप्पट उंचीची १८० बाय १००. कुठल्याही कंपनीचा डेक कुठल्याही गाडीत बसायचा. नव्या गाड्यांत त्याच स्क्रीनला कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधीकधी एसीसुद्धा जोडलेला असतो. तो काढणं म्हणजे नव्या दुखण्याला आमंत्रण. अशा गाडीत मूळ स्क्रीन तशीच ठेवून 'डीएसपी' असलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडणं बरं.

हा डीएसपी काय करतो? चालक उजवीकडे बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या जवळ, डावा साधारण अर्धा मीटर जास्त लांब. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशा फरकाने सगळं गाणं उजव्या दारात गोळा झाल्यासारखं वाटतं. डीएसपी जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवतो आणि गायक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहतो. गाडी कंपन्या कारखान्यात करतात ते काम हेच.

एक सूचना. कंपनीकडूनच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि ब्रँडेड स्पीकर आलेले असतील, तर नुसते स्पीकर बदलू नका. ती यंत्रणा त्याच स्पीकरसाठी जुळवलेली असते आणि त्यांचे ओहमही वेगळे असू शकतात.

वॉरंटी, कान आणि शेजारी

गाडी वॉरंटीत असेल तर एकही मूळ वायर कापू देऊ नका. जवळपास प्रत्येक मॉडेलसाठी 'कपलर' मिळतात. ते मूळ सॉकेटमध्ये बसतात आणि उद्या काढताही येतात. वायर कापलेली दिसली तर विजेच्या बिघाडाचा दावा नाकारला जाऊ शकतो. महागडं काम केलं असेल तर पावती जपून ठेवा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत त्याची वेगळी नोंद करून घ्या. नाहीतर चोरी किंवा अपघातात त्याची भरपाई मिळणं अवघड जातं.

आता कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला ४० तास ऐकायला ८० डेसिबलपर्यंतचा आवाज सुरक्षित आहे. त्यावर दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे उरतात फक्त ५ तास. रोज तास-दीड तास गाडीत काढणाऱ्याचे ते चार-पाच दिवसांतच संपतात. आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शेजाऱ्यांचंही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सोसायटीच्या गेटवर काच खाली करून वाजवलेला सबवूफर ती सहज ओलांडतो. कमी आवाजातही भरलेलं वाटणारं गाणं, ही चांगल्या यंत्रणेची खरी खूण आहे.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. याचे आरएमएस वॅट किती आणि सेन्सिटिव्हिटी किती?
२. वायर कापणार की कपलर लावणार?
३. दाराचं डॅम्पिंग कशाने करणार? तळाची भोकं मोकळी राहतील ना?
४. पॉवर केबल तांब्याची आहे की सीसीए? फ्यूज कुठे बसवणार?
५. काम झाल्यावर गाडीत बसून सेटिंग करून देणार का?

पाचव्या प्रश्नाला "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.

आणि ऐकून बघताना दुकानदाराने लावलेलं गाणं नको, तुमच्या कायमच्या ऐकण्यातलं लावा. ढोलकी असेल तर उत्तम. तिची घुमणारी बाजू आणि टणटणीत बाजू वेगवेगळी ऐकू आली, गायकाचा श्वास कळला आणि हे सगळं शेजारी बसलेल्याशी सहज बोलता येईल एवढ्या आवाजात झालं, तर पैसे सत्कारणी लागले म्हणायचे.

तुमच्या ओळखीत कुणी नवी गाडी घेऊन थेट "२००० वॅट" बसवायला निघालं असेल, तर त्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा!